विश्लेषण : गाडीच्या गळक्या सांध्यासाठी सीलंट कोणता? चार्ल्स गुडइयर यांचे आयुष्य काय सांगते?

पाऊस सुरू झाला की अनेक गाड्यांत पायाखालची मॅट ओली लागू लागते, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठते. मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणून फटीवर फिरवली जाते. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा मॅट ओली होते. वरून बंद दिसणारा, पण आतून कच्चाच राहिलेला थर ही अडचण मोटारीहूनही जुनी आहे. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी तिच्यापायी घरदार, तब्येत आणि उमेदीची सगळी वर्षे घालवली. त्यांचे आयुष्य कसे होते आणि आज सीलंट निवडताना त्याचा काय उपयोग, याविषयी.

गाडीचा सांधा गळतो का?

मोटारीची बॉडी अखंड पत्र्याची नसते. साच्यात दाबून आकार दिलेले अनेक पत्रे काठावर काठ ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. वेल्डिंगचे ठिपके ठरावीक अंतरावर असतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये पत्रे फक्त एकमेकांना टेकलेले असतात आणि त्या केसाएवढ्या फटीत पाणी आपोआप ओढले जाते. म्हणूनच कारखान्यात बॉडीला गंजरोधक प्रायमर लावल्यावर सांध्यांवर पीव्हीसी प्लास्टिसोल नावाच्या पदार्थाची रेघ ओढतात आणि ती भट्टीत भाजून पक्की करतात.

वर्षे सरतात तशी ही रेघ थकते. उन्हात पत्रा फुगतो, रात्री आकसतो, खड्ड्यांतून जाताना पिळवटतो. अपघातानंतर पत्रा बदलला असेल आणि नव्या सांध्यावर नीट सीलंट भरला नसेल, तर गळती आणखी लवकर सुरू होते. त्यामुळे सांध्यात भरायचा पदार्थ धातूला घट्ट चिकटणारा, उन्हात न वितळणारा, गारठ्यात न तडकणारा आणि पत्र्याबरोबर थोडा ताणला जाणारा हवा. ऊन आणि थंडी या दोन्हींत तग धरणारा असा लवचीक पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणाकडेच नव्हता.

गुडइयर कोण होते?

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा हे शेतीची अवजारे, बटणे अशा वस्तू बनवून विकणारे होते. चार्ल्स यांनी तरुणपणी फिलाडेल्फियात लोखंडी सामानाच्या व्यापाराची उमेदवारी केली आणि परत येऊन वडिलांच्या धंद्यात भागीदारी घेतली. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःचे दुकान काढले.

दुकान सुरुवातीला चालले, पण उधारी थकत गेली. १८३० च्या सुमारास धंदा बुडाला. त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडता आले नाही तर तुरुंगात जावे लागे. गुडइयर यांना पहिल्यांदा तुरुंग घडला तो याच कर्जापायी, आणि पुढे हे वारंवार घडत राहिले. रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नव्हते.

रबराचा नाद कसा लागला?

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमधील रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्यांनी पाण्यात तरंगण्यासाठी वापरायचा रबरी जीवरक्षक पट्टा पाहिला. त्यात हवा भरायची झडप त्यांना सदोष वाटली. घरी जाऊन त्यांनी चांगली झडप बनवली आणि ती विकायला परत दुकानात आले. तिथे त्यांना वेगळीच गोष्ट कळली. झडप सुधारून काही होणार नव्हते, कारण खोट रबरातच होती.

त्या वर्षांत अमेरिकेत रबराची लाट आली होती. बूट, टोप्या, कोट असा माल भराभर तयार होऊन विकला गेला. उन्हाळा आला तशी त्या सगळ्याची चिकट, दुर्गंधी लापशी झाली आणि ग्राहकांनी माल परत आणून दिला. थंडीत तेच रबर लाकडासारखे कडक होई. ब्रिटनमध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पावसाळी कापडाचे पेटंट घेतले होते. तिथेही हीच अडचण होती. शिवाय शिंप्याच्या सुईने जिथे जिथे भोके पडत, तिथून कोट गळत असे. कापड पाणी अडवत होते, शिवण अडवत नव्हती. आजच्या गाडीतही पत्र्यातून पाणी येत नाही, ते सांध्यातून येते.

रबर पक्के करण्याचा उपाय आपणच शोधायचा, असे गुडइयर यांनी ठरवले. तेव्हा ते पस्तिशीच्या आत होते आणि डोक्यावर कर्ज होते.

लाटण्यावरचे प्रयोग कसे होते?

पहिले प्रयोग कर्जदारांच्या तुरुंगातच झाले. कच्च्या रबराचा गोळा आणि क्लॅरिसा यांचे स्वयंपाकघरातले लाटणे, एवढीच प्रयोगशाळा होती. चिकटपणा जावा म्हणून त्यांनी रबरात मॅग्नेशियाची पूड मळली. माल पांढराशुभ्र आणि कोरडा दिसू लागला, म्हणून बूट बनवले. उन्हाळ्यात ते बसले. मग रबर चुनकळीच्या पाण्यात उकळले. पृष्ठभाग छान गुळगुळीत झाला, पण सौम्य आम्लाचा थेंब पडला की चुन्याचा परिणाम तिथल्या तिथे नाहीसा होई.

पुढची पायरी योगायोगाने सापडली. रबराच्या एका तुकड्यावरचा रंग काढण्यासाठी त्यांनी नायट्रिक आम्ल वापरले. तुकडा काळा पडला म्हणून फेकून दिला आणि नंतर आठवण होऊन पुन्हा उचलला. त्याचा चिकटपणा गेला होता. या आम्लाच्या वाफांनी एकदा ते गुदमरून जिवावर बेतले, तरी काम थांबले नाही. माल विकला जाऊ लागला आणि पाठीशी भांडवलदारही उभा राहिला. तेवढ्यात १८३७ ची मंदी आली आणि तो बुडाला. गुडइयर कुटुंब स्टेटन आयलंड येथील रबराच्या बंद कारखान्यात मुक्कामाला गेले. तिथून ते मॅसॅच्युसेट्स राज्यात गेले.

टपालाच्या थैल्या का वितळल्या?

मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे त्यांची गाठ नॅथॅनियल हेवर्ड यांच्याशी पडली. रबरात गंधक मिसळून ते उन्हात ठेवले तर चिकटपणा जातो, हे हेवर्ड यांच्या लक्षात आले होते. गुडइयर यांनी त्यांच्याकडून ते हक्क घेतले. गंधक आणि आम्ल या दोन्हींच्या जोरावर त्यांना सरकारकडून टपालाच्या १५० थैल्यांची मागणी मिळाली. थैल्या देखण्या झाल्या. त्या उबदार खोलीत टांगून ते काही दिवस बाहेरगावी गेले. परत आले तेव्हा थैल्या आपल्याच वजनाने मुठींपासून ओघळून पडल्या होत्या.

आम्ल आणि ऊन यांचे काम फक्त वरवर झाले होते. पातळ थरावर ती युक्ती चालत असे. जाड थैलीत वरची साल पक्की झाली आणि आतले रबर कच्चेच राहिले. उष्णता मिळताच आतला भाग सैल झाला. या बदनामीनंतर ग्राहक आणि मित्र दोघेही दुरावले.

आज सांध्यात तीच चूक कशी होते?

गळक्या सांध्यावर सीलंट मारताना हीच चूक तीन प्रकारे होते. पहिली, गंजावर सीलंट. जुनी तडकलेली रेघ आणि तिच्याखालचा गंज न काढता वरून नवा थर दिला, तर तो पत्र्याला चिकटतच नाही, गंजाच्या पापुद्र्याला चिकटतो. पापुद्रा सुटला की थरही सुटतो. तोवर पाणी आत कोंडून राहते आणि पत्रा झाकलेल्या अवस्थेत कुजतो. बाहेरून नीट दिसणारी गाडी काही वर्षांनी खालून चाळणी झालेली निघते, ती अशी.

दुसरी चूक, जाड थर आणि घाई. आजचे बरेचसे एका नळीतले सीलंट हवेतल्या दमटपणाने पक्के होतात. आधी वर साय धरते, मग आतला भाग दिवसाला काही मिलिमीटर या गतीने पक्का होतो. बोटाला चिकटत नाही म्हणून लगेच गाडी धुवायला नेली, तर आतला सीलंट कच्चा असतो. तिसरी चूक, आतल्या बाजूने बुजवणे. कार्पेट उचलून आतून फट भरली की केबिन कोरडी राहते, पण पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतच राहते. सांधा ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूने बंद करायचा असतो.

शेगडीवर नेमके काय घडले?

१८३९ च्या थंडीत वोबर्न येथे गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. ही घटना वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते, पण गाभा एकच आहे. रबर वितळायला हवे होते, ते वितळले नाही. चामड्यासारखे करपले आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक लवचीक, न चिकटणारी पट्टी तयार झाली. तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत ठेवला, तरी सकाळी तो वाकत होता. इतरांना यात काही विशेष दिसले नाही. पाच वर्षे त्याच अडचणीशी झुंजलेल्या गुडइयर यांना दिसले.

गंधक आणि उष्णता एकत्र आल्यावर रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी जोडल्या जातात. मोकळ्या दोऱ्यांचे जणू जाळे विणले जाते. मग साखळ्या उष्णतेने एकमेकींवरून घसरत नाहीत आणि थंडीत गोठूनही बसत नाहीत. ही क्रिया सालीवर न थांबता आरपार होते. हे आडव्या दुव्यांचे शास्त्र गुडइयर यांना माहीत नव्हते. त्यांनी घरातल्या चुलीची भट्टी, शेजारच्या कारखान्यातली वाफ असे मिळेल ते वापरून बरोबर उष्णता आणि बरोबर वेळ शोधली. वाफेच्या दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला चार ते सहा तास, असे ते गणित बसले.

ते बसेपर्यंतची वर्षे कुटुंबासाठी सर्वांत वाईट होती. घरातले फर्निचर गेले, जेवणाची भांडी गेली, मुलांची शाळेची पुस्तके विकावी लागली. लहान मुले दगावली. शेजाऱ्यांनी दिलेल्या दूध-बटाट्यांवर दिवस काढावे लागले. शेवटी लोकरीच्या धंद्यात असलेले मेहुणे विल्यम डी फॉरेस्ट यांनी पैसा लावला. रबराचे धागे घालून विणलेले, चुण्या पडणारे कापड हे नव्या रबराचे पहिले यशस्वी उत्पादन ठरले. १५ जून १८४४ रोजी गुडइयर यांना अमेरिकेचे ३६३३ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

मग आज कोणता सीलंट निवडायचा?

गुडइयर यांच्या काळी मोटार नव्हती आणि आजच्या सांध्यातला पदार्थ त्यांचे रबर नाही. मात्र कसोटी तीच आहे. पदार्थ आरपार पक्का होणारा आणि पक्का होऊनही लवचीक राहणारा हवा. कारखान्यातला प्लास्टिसोल घरी किंवा गॅरेजमध्ये उपयोगाचा नाही, कारण त्याला भट्टी लागते. दुरुस्तीसाठी पर्याय असे आहेत.

पॉलियुरेथेन, म्हणजे गॅरेजच्या बोलीत पीयू सीलंट. जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या रसायनाची ही पुढची पिढी. लवचीक, घट्ट आणि वरून रंग घेणारा. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात फ्लोअर, चाकावरचे कमानीचे पत्रे, डिकीचे सांधे यांसाठी हाच बहुतेक वेळा योग्य. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर लागतो आणि रंग न दिल्यास तो उन्हाने खराब होतो. लावताना हातमोजे आणि खेळती हवा हवी.

एमएस पॉलिमर, ज्याला हायब्रिड सीलंटही म्हणतात. लवचीकपणा पीयूसारखाच, पण ऊन जास्त सोसतो आणि वेगवेगळ्या पृष्ठभागांना सहज चिकटतो. सहसा महाग. टपाच्या कडेचा, सतत उन्हात राहणारा सांधा असेल तर हा बरा.

दोन भागांचा इपॉक्सी सीलंट. नळीतून बाहेर येतानाच दोन घटक मिसळतात, त्यामुळे जाड थरही आतपर्यंत पक्का होतो. घासून स्वच्छ केलेल्या उघड्या धातूला चांगला धरतो. लवचीकपणा कमी, म्हणून न हलणाऱ्या सांध्यांसाठी.

ब्युटाइल पट्टी. ही कधीच कडक होत नाही, मळलेल्या कणकेसारखी राहते. मागच्या दिव्याच्या बैठकीखाली किंवा दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्याच्या कडेला, म्हणजे दोन भागांत दाबून बसते तिथे उत्तम. उघड्या सांध्यावर तिचा उपयोग नाही.

ब्रशने लावायचा सीलंट. सुकताना यातला द्रावक उडून जातो आणि थर आकसतो. गाडीच्या पोटाखालच्या बारीक सांध्यांवर चालतो, रुंद फट त्याने भरू नये.

सिलिकॉन का नको?

सिलिकॉन वाईट पदार्थ नाही. बाथरूममध्ये, काचेच्या टाकीत, इंजिनच्या काही सांध्यांत त्याचे स्वतःचे स्थान आहे. बॉडीच्या सांध्यात दोन कारणांनी तो नको. एक, त्यावर रंग बसत नाही, आणि त्याचा अंश आजूबाजूच्या पत्र्यावर राहिला तर पुढे तिथेही रंगात खड्डे पडतात. दुसरे, व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त सिलिकॉन पक्का होताना ॲसिटिक आम्ल सोडतो आणि ते उघड्या पत्र्याला गंज चढवते. म्हणजे गळती थांबवायला लावलेली वस्तूच सांधा खाते. कोणी आधी सिलिकॉन मारला असेल, तर तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय दुसरा सीलंट तिथे धरत नाही.

नळी उघडण्याआधी काय करावे?

आधी पाणी कुठून येते ते शोधावे. ओली मॅट पुढे असली तरी भोक वर किंवा मागे असू शकते, कारण पाणी पत्र्याच्या घडीतून वाहत येते. कार्पेट उचलून जागा कोरडी करावी. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने कमी दाबाचा पाइप खालून वर, एकेका भागावर काही मिनिटे धरावा.

बऱ्याचदा दोष सांध्यात नसतोच. काचेखालच्या जाळीत किंवा सनरूफच्या नळीत पाला अडकलेला असतो, दाराचे रबरी बीडिंग चपटे झालेले असते. नळी साफ करावी, बीडिंग बदलावे. दाराच्या आणि फ्लोअरच्या खालची छोटी भोके पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली असतात, ती सीलंटने कधीही बुजवू नयेत. पुढच्या काचेच्या कडेने गळत असेल तर काच बसवणाऱ्या कारागिराकडेच जावे. ती काच गाडीच्या मजबुतीचा भाग असते.

सांधाच दोषी निघाला, तर जुना थर आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा, इपॉक्सी प्रायमर द्यावा, तो वाळल्यावर सीलंट भरून फटीत दाबून बसवावा. नळीवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्यावा, मग रंग आणि शेवटी पुन्हा पाण्याची परीक्षा. पत्रा बोटाने दाबला जात असेल किंवा भोक पडले असेल, तर ते काम वेल्डिंगचे आहे. कोणताही सीलंट पत्र्याची जागा घेत नाही.

गुडइयर यांचा शेवट कसा झाला?

पेटंट मिळूनही कर्ज फिटले नाही. गुडइयर यांनी ब्रिटनमध्ये पाठवलेले नमुने थॉमस हॅन्कॉक यांच्या हाती पडले होते. गंधकाचा माग काढून हॅन्कॉक यांनी तिथले पेटंट गुडइयर यांच्याआधी काही आठवडे मागितले. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून या क्रियेला पडलेले व्हल्कनायझेशन हे नावही हॅन्कॉक यांच्या मित्राने सुचवलेले. अमेरिकेत पेटंट मोडणाऱ्यांविरुद्ध खटले चालले. त्यांतला सर्वांत गाजलेला खटला १८५२ मध्ये डॅनियल वेबस्टर या नामांकित वकिलाने गुडइयर यांच्या बाजूने लढवला आणि जिंकला. पण खटल्यांनी पैसा खाल्ला आणि उरलेला गुडइयर यांनी प्रदर्शनांवर उधळला. लंडनच्या १८५१ च्या आणि पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनांत त्यांनी रबरी वस्तूंची दालने उभारली. फ्रान्समधील पेटंट रद्द झाले, येणी थांबली आणि पॅरिसमध्ये पुन्हा कर्जापायी तुरुंग घडला. फ्रेंच सम्राटाने दिलेला सन्मान त्यांना त्याच तुरुंगात मिळाला.

लाटणे हाती देणाऱ्या क्लॅरिसा १८५३ मध्येच गेल्या होत्या. १ जुलै १८६० रोजी, मरणासन्न मुलीच्या भेटीसाठी निघालेले गुडइयर न्यूयॉर्कमध्ये वारले. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. टायरवर दिसणारे त्यांचे नाव ज्या कंपनीचे आहे, ती १८९८ मध्ये स्थापन झाली. कंपनीने ते आदराने घेतले, तिचा कुटुंबाशी संबंध नाही.

पंक्चरच्या दुकानावरच्या पाटीत व्हल्कनायझिंग हा शब्द आजही दिसतो. गाडीच्या दाराभोवतीचे काळे बीडिंगही त्याच क्रियेतून जाऊन येते. मे महिन्यात टपाला हात लाववत नाही तेव्हा ते वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही. पावसाळ्याआधी सांधे तपासताना त्या बीडिंगवरूनही एकदा बोट फिरवून पाहावे. ते चिरले असेल तर सीलंटच्या आधी तेच बदलावे.